मनगटापर्यंत न पोचलेले ठोके

डोळखांब, पौष शुद्ध नवमी, शके १८६१

सौ. भागीरथीला बैलगाडीतून शहापूरच्या दवाखान्यात नेऊन आत्ताच परतलो. डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली, मला तिचे मनगट धरायला सांगितले आणि आम्ही एकाच मिनिटाचे ठोके मोजले. मला मनगटावर ऐंशी लागले, त्यांना छातीवर एकशे वीस. म्हणाले, "हृदयाची चाल बिघडली आहे. काही ठोके इतके दुबळे पडतात की मनगटापर्यंत पोचतच नाहीत. हे थेंब द्या, चाल थोडी आवरेल. पण हृदय थकलंय. फार उशिरा आणलंत."

उशीर माझाच. भात कांडता कांडता ती छाती धरून बसायची. दर वेळी मी मनगट धरून सांगायचो, नाडी ठीक आहे. मी वैद्य कुठे होतो? आणि ती पुन्हा मुसळ उचलायची.

गाडीत हसून म्हणाली, "मी सांगत व्हते ते खोटं, न् तुमची बोटं खरी, नाय का?"

देवापुढे दिवा लावला, थेंब मोजून दिले. मग मनगटाला हात न लावता विचारले, "कसं वाटतंय गो?"

उत्तर म्हणून तिने मनगटच माझ्यापुढे केले. देवा, तिची सांगायची सवयच मी मोडून टाकली आहे.