ट्रकवाल्याचं पुढं काय झालं?

९ मार्च

आज फुयुकाशी कडाक्याचं भांडण! सोळा वर्षांची घोडी झाली, पण दिवसभर मोबाइलवर त्या ‘दुसऱ्या जगात बोलावून घेतलं’वाल्या कादंबऱ्या. म्हटलं, दाखव तरी. चार वाचल्या. चारहीत पहिल्याच पानावर ट्रक येतो, पोराला उडवतो, आणि पोरगा तिकडं जाऊन शूरवीर. तलवार काय, राजकन्या काय!

मी विचारलं, “आणि ट्रकवाल्याचं पुढं काय झालं?”

“आई, ट्रक म्हणजे नुसतं दार असतं गं. दाराचं काय व्हायचंय?”

एकवीस वर्षं ट्रक चालवतेय मी. दार म्हणे!

१० मार्च

सेन्दाईच्या अलीकडं जेवायला थांबले तेव्हा पहिलं प्रकरण लिहूनच टाकलं. एक बाई हाचिनोहेहून बांगडा भरून निघते आणि ट्रकसकट दुसऱ्या जगात ओढली जाते. राजा म्हणतो, आम्ही शूरवीर मागवला होता, ही कोण? बाई म्हणते, ते नंतर बघू, आधी बर्फ आणा.

नाव — ‘मी फक्त बांगडा पोचवायला निघाले होते, पण सात जगांनी मला बोलावलं’. फुयुका वाचते त्याच संकेतस्थळावर टाकलं.

१२ मार्च

वाचक तीन. त्यातली एक मीच.

२० एप्रिल

चारशे! आमच्या फेऱ्या लावणाऱ्या ओइकावाच्या कानावर कुठून तरी गेलं. सकाळी भोंग्यावरून ओरडला, “नाकुईबाई, आज तोक्यो की तिसरं जग?” सगळे ड्रायव्हर खो-खो हसले. हसू देत. त्यातल्याच दोघांनी नंतर हळूच विचारलं — पुढचं कधी?

१५ जून

वाईट झालं.

तोमाबेचीसान आमच्या आवारात ट्रक धुतात. मला ट्रक मागं घ्यायला त्यांनीच शिकवलं. तेव्हा त्यांच्यासारखा ड्रायव्हर नव्हता. अकरा वर्षांपूर्वी एक शाळकरी पोरगा त्याच्या बाजूला लाल दिवा असताना सायकल घेऊन यांच्या ट्रकपुढ्यात आला. पोलिसांनी सांगितलं, तुमची चूक नाही. पण त्यांनी परत स्टिअरिंगला हात लावला नाही.

कालच्या प्रकरणात मी असा एक ट्रकवाला आणला. आज ते पाण्याचा पाइप हातात धरूनच आले.

“हे माझ्यावर लिहिलंस?”

“नाव नाही घातलं तुमचं —”

“‘त्याने डोळे मिटून घेतले’ म्हणे! मिटत नाहीत गं ते. मिटायला हवेत. मिटत नाहीत.”

तोंड वर करवेना. प्रकरण काढून टाकलं.

२ जुलै

दोनशे निरोप. पुढचं कधी, पुढचं कधी. लिहीत नाहीये.

५ ऑगस्ट

दुपारी तोमाबेचीसान आपला डबा घेऊन माझ्या ट्रकपाशी आले. पायरीवर बसले.

“लिही.”

तासभर बोलले. त्या दिवशी गारा पडत होत्या. ते रस्त्यावर त्या पोराजवळ बसून होते. पोरगा शुद्धीवर होता. म्हणाला, “काका, मला शाळेला उशीर होईल का?” हे म्हणाले, “नाही होणार. मी सोडतो तुला.”

डबा तसाच राहिला. मी विचारलं, छापू हे?

“मग काय उगाच सांगितलं?”

९ ऑगस्ट

टाकलं. चौथ्या जगात माझ्या बाईला एक ट्रकवाला भेटतो. याला कुणीच बोलावलेलं नाही. तो स्वतःच जगामागून जग पालथं घालत आलाय — एका पोराला शाळेत सोडायचं राहिलंय म्हणून.

११ ऑगस्ट

पहिला नंबर!! आख्ख्या संकेतस्थळावर! सगळे शूरवीर, सगळ्या राजकन्या मागं, आणि पुढं माझा बांगडा! फुयुका डोळे सुजवून जिन्यावरून धावत आली. “आई, सापडतो का तो त्याला? आत्ता सांग!”

“सगळ्यांसारखी थांब.”

हे वाक्य म्हणताना काय सुख झालं!

१८ सप्टेंबर

प्रकाशकाचा फोन. पुस्तक निघणार! ओइकावानं भोंग्यावरून सांगितलं — या वेळी टोमणा नाही — आणि आवारातल्या सव्वीस ट्रकांनी एकदम हॉर्न वाजवले. बंदरातली पाखरं उडाली. मी रडले. तोमाबेचीसान म्हणाले, “रडतेस काय? काच पुसायची राहिलीय तुझी.”

१४ ऑक्टोबर

शेवटचं प्रकरण टाकलं. सापडतो तो. पोरगा ट्रकमध्ये चढून बसतो.

११ नोव्हेंबर

प्रकाशकाकडून पत्र आलं. त्या पोराच्या आईचं. ‘हारुमा शेवटचं काय बोलला ते ही गोष्ट लिहिणाऱ्यांना कसं ठाऊक? पोलिसांनी ते फक्त आम्हाला सांगितलं होतं, आणि तिथं तर एकच माणूस होता. दरवर्षी बारा नोव्हेंबरला आमच्या दाराशी कुणीतरी फुलं ठेवून जातं. ते तेच असतील, तर सांगा — यंदा बेल वाजवा.’

फुलांचं तोमाबेचीसान कुणालाच बोलले नव्हते. मलाही नाही.

पत्र त्यांनी दोनदा वाचलं. मग हात पुसले आणि माझ्यापुढं तळवा धरला.

“किल्ली दे. उद्या मी चालवतो.”