बुधवारचा हॉल

४ मार्च, बुधवार
हॉलच्या मालकीणबाईंनी आज घाम फोडला! बुधवारची संध्याकाळ डान्स क्लासलाही हवीय. वीस तारखेला ज्यांचे सभासद जास्त, हॉल त्यांचा. आम्ही बुद्धिबळवाले अकरा. ते बारा! बुधवार गेला तर मी जाऊ कुठे? क्लबची वेबसाइट करायचं लोढणं माझ्याच गळ्यात.

७ मार्च
साइट तयार. अध्यक्षांचा फोटो, अध्यक्षांचं मनोगत, करंडक धरलेले अध्यक्ष. खजिनदारांच्या हट्टापायी एक घोडा गोल गोल फिरतो. झकास!

बायकोला म्हटलं, "तू नवीन आहेस असं समज आणि बघ." तिनं चष्मा लावला. बराच वेळ घोडाच बघत बसली.

"अहो, पण यायचं कधी?"

"बुधवारी सहाला. सगळ्यांना ठाऊक आहे!"

"सगळे म्हणजे तुम्ही अकराजण. आणि खेळता येत नसेल तर?"

"तर येईल कशाला कुणी?"

ती नुसती हसली. डोकंच फिरलं माझं.

८ मार्च
तिचंच बरोबर आहे. तिला सांगणार नाही. वार, वेळ, पत्ता सगळ्यात वर घेतला. खाली ठळक अक्षरांत — "येत नसेल तर शिकवू." घोडा गेला. अध्यक्ष तळाशी.

९ मार्च
अध्यक्षांनी अबोला धरलाय. सुख आहे!

११ मार्च, बुधवार
चिटपाखरू फिरकलं नाही. घरी येऊन बायकोवर चिडचिड केली. ती म्हणाली, "पुढचं दार उघडं होतं का?"

पुढच्या दाराला कुलूपच असतं! आम्ही वर्षानुवर्षं मागून, कचऱ्याच्या डब्यांशेजारून आत शिरतो. मालकीणबाईंना फोन केला. तिघंजण दार ठोठावून परत गेले म्हणे. कपाळ माझं!

१२ मार्च
डब्यांचा फोटो काढून साइटवर टाकला, वर मोठा बाण. अध्यक्षांचा अबोला सुटला — "मी तळाशी आणि कचरा वर?"

१८ मार्च, बुधवार
पाच नवे! बाण बघत बघत नेमके डब्यांपाशी हजर. एका आजींनी अध्यक्षांनाच धीर दिला, "तुम्हीही आजच आलात का? घाबरू नका."

आम्ही सोळा. डान्सवालेही सोळा. मालकीणबाई म्हणाल्या, बरोबरी झाली तर हॉल जुन्यांना. म्हणजे आम्हालाच! शीळ घालत घरी आलो.

२० मार्च
हॉल गेला. ते सतरा. सतरावं नाव आमच्या हिचं!

"अगं, आमच्याकडे का नाही आलीस?"

"तुम्ही मला साइट तपासायला सांगितलीत. तूही ये, असं कधी म्हणालात?"