आतून लावलेली कडी

वर्धा,
गुरुवार, ७ नोव्हेंबर २०२४

सौ. गोपिकाताईंना प्रभाकर लॉजवाल्याचा नमस्कार.

घरी सगळे बरे असतील, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. इकडचं ठीक. दिवाळीआधी लॉजला रंग दिला. पेंटरनं सांगितला बदामी, निघाला गाजरी. नत्थूजीचा गुडघा हल्ली त्याच्यापेक्षा जास्त बोलतो. तरी आज महिन्याचा पहिला गुरुवार म्हणून त्यानं चार नंबरची खोली सकाळीच झाडून ठेवली. मी विचारलं, काऊन? तर म्हणाला, "सवय आहे जी."

तुम्ही पाच महिने आला नाहीत. त्याबद्दलच लिहायचं आहे, पण आधी कॅमेऱ्याची तक्रार करतो.

गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाची बॅग चोरीला गेली. पोलिसांनी सांगितलं, वऱ्हांड्यात कॅमेरे लावा. लावले. त्यात चूक नाही. बॅग गेलेला माणूस रडत होता. पण स्क्रीन कुठं ठेवायची हे पोलिसांनी सांगितलं नव्हतं. ती मी काउंटरवर, तोंड गिऱ्हाइकांच्या बाकाकडे करून ठेवली. सुरक्षा आहे तर दिसली पाहिजे ना. आठवड्याभरात बाकावर गिऱ्हाइकं कमी आणि शेजारचे दुकानदार जास्त. रिकाम्या वऱ्हांड्यात काही घडत नाही, तरी बघत बसायचे. घरच्या मालिकांतही काही घडत नाही, सवय होती.

तुम्ही त्यांच्या ओळखीच्या झालात त्या तिथंच. बाजारात भाजी उतरवून अकराला येणार, चार नंबरात जाणार, साडेतीनला केळझरची बस गाठायला निघणार. एकटी. सोबत कोणी नाही, मागून कोणी नाही.

इथं मी लिहिणार होतो की गावाला जीभ असते. पण जीभ माझी होती. एक दिवस बाकासमोर मीच म्हणालो, "बाई एकटी येते, एकटी जाते. पाहुणा नळातून येत असन." सगळे हसले. विनोद जमला की मी दोन दिवस खूश असतो. तेवढ्यात तो तुमच्या केळझरला पोहोचला, आणि तिथं उतरला तेव्हा त्यातलं हसू वाटेत सांडलं होतं.

किराणावाल्या सचिननं तर डिस्कमध्ये होतं तेवढं रेकॉर्डिंग मागे नेऊन पुरुष शोधला. एकच सापडला: तीनचा चहा नेणारा नत्थूजी, वय बासष्ट, तोही दाराबाहेर.

मग जूनमध्ये तुमचे यजमान आले. त्यांनी दमदाटी करून रेकॉर्डिंग पाहिलं, असं तुम्हाला वाटत असेल. तसं झालं नाही, ताई. ते पाणी प्यायले, टोपी मांडीवर घेऊन बसले, आणि काही न विचारता उठले होते. मीच त्यांना परत बसवलं. म्हटलं, भाऊ, संशय घेऊन जाऊ नका, डोळ्यांनी पाहा. डाग माझ्या विनोदाचा होता आणि साबण हाताशी होता. चार नंबरचं दार बंद होतं, बंदच राहतं, तीनला चहापुरतं किलकिलं होतं, साडेतीनला उघडतं, तुम्ही पदर सारखा करत निघता. मी पळवून पळवून दाखवलं. जिंकल्यासारखं वाटत होतं.

ते त्या बंद दाराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आत काय करते मंग?"

याचं उत्तर तुम्ही मला कधी दिलं नव्हतं. नत्थूजीला दिलं होतं. त्यानं एकदा चहा देताना विचारलं, बरं नाई का ताई. तुम्ही म्हणालात, "घरी नऊ माणसं, अन् खोलीच्या दाराले कडी नाई. इथं आतून कडी लावून झोपतो." नत्थूजीनं ते विश्वासानं मला सांगितलं, आणि मी तेवढ्याच विश्वासानं तुमच्या यजमानांना सांगून टाकलं.

पुरुष निघाला असता तर काय करायचं, हे त्यांनी वाटेत ठरवलं असेल. झोपेचं काय करायचं ते त्यांना सुचेना. टोपी घालून म्हणाले, "झोपाले घर नाई का तिले?" आवाजात लाज होती. रागावलेल्या माणसाला निदान चहा पाजता येतो.

तेव्हापासून ते तुम्हाला गाडीवर बाजारात आणतात आणि भाजी उतरली की परत नेतात. नत्थूजी सांगतो, ताई गाडीवर मागं बसून पेंगतात.

मी तुम्हाला निर्दोष ठरवलं. तुम्ही ते मागितलं कुठं होतं? महिन्यातून साडेचार तास कोणालाच दिसायचं नाही, एवढीच तुमची मागणी. तेवढीच माझ्या लॉजात पुरी झाली नाही.

स्क्रीन आता आतल्या खोलीत कुलपात आहे. पोलिसांच्या लेखी पत्राशिवाय ती कोणी बघणार नाही, मीसुद्धा. बाक रिकामा पडला. सचिन विचारतो, मशीन बिघडली का. हो म्हणतो.

हे पत्र पोस्टानं पाठवणार होतो. पत्त्यासाठी रजिस्टरमधून तुमच्या आधारची झेरॉक्स काढली, अर्धा पत्ता लिहिला आणि हात थांबला. हेही तेच की. शिवाय पोस्टानं आलेलं पत्र नऊ माणसं वाचतील. पाकीट फाडलं. नत्थूजी बाजारात तुमच्याकडे सांभाराची हिरवी जुडी घ्यायला येईल, नोटेच्या घडीत हे देईल. वाचून फाडून टाका. उत्तर लिहू नका.

चार नंबरला आतून नवी कडी बसवली आहे. पहिल्या गुरुवारी ती खोली कोणाला देत नाही. नत्थूजी म्हणतो, ताईले येजो म्हणून लिहा. तेवढं एक मला लिहवत नाही.

तुमची झोप मोडणारा,
प्रभाकर