पत्र्याची खालची बाजू

प्रिय थोरल्या पोरी,

तब्येत बरी आहे, ते राहू दे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि मी चिडलो की भलतंच बोलतो, म्हणून कागद.

शाळेच्या मैदानावर तुझ्या हिशोबाने आम्ही छप्पर घातलं, त्याला वीस दिवस झाले. चारी बाजू मोकळ्या, नुसते खांब. परवा वारा सुटला तेव्हा मी खाली उभा होतो. पत्रा वाजला नाही, घुमला. झोपलेल्या जनावराच्या पोटासारखा वर जायचा, खाली बसायचा. काल शिडी लावून बघितलं. वाऱ्याकडच्या रांगेतले बोल्टखालचे वॉशर पत्र्यात रुतलेत, भोकं लांबलीत. पत्रा वर जायला बघतोय. तुझ्या आईला सांगितलं तर म्हणते, पोरगी शिकलेली आहे, तुम्ही आपली शिडी धरा.

तुझ्या ऑफिसात आलो होतो, तेव्हा तू काँप्युटरात वारा सोडून दाखवलास. छपराचे बारीक चौकोन, प्रत्येकावर वाऱ्याचा दाब; सगळ्यांची बेरीज केली की मागे ढकलणारा जोर किती, वर उचलणारा किती. समजलं मला, मी काही ठोंब्या नाही. पण बेरजेआधी तू माऊसने फक्त वरची बाजू निवडलीस. खालची राहिली. मोकळ्या छपराला वारा वरून ओढतो आणि खालूनही रेटतो, हे पत्र्यासकट उडालेल्या माणसाला विचार. मला तेव्हाच खटकलं होतं. बोललो नाही. तुझे साहेब मागे उभे होते. चौथी पास बाप अक्कल पाजळायला लागला तर तुझं हसं होईल, असं वाटलं. उचलणारा जोर कमी निघाला, त्यावर बोल्ट ठरले, आणि ते मीच आवळले.

शुक्रवारी वादळ सांगितलंय. त्याच दिवशी पोरं आणि पालक छपराखाली जमणार. हेडमास्तरांना म्हटलं, कार्यक्रम हलवा. ते म्हणाले, "इंजिनियरची सही आहे. तुम्ही कोण?" माझा शब्द तिथे चालत नाही, तुझा चालतो. खालची बाजू धरून पुन्हा बेरीज कर आणि हिशोब चुकला असं सहीनिशी लिहून दे. ही चिठ्ठी आणणारा टेम्पोवाला तुझा कागद न्यायला दारात थांबेल, त्याला चहा विचारत बसू नकोस. नोकरी गेली तर गेली. कागद नाही आला, तर शुक्रवारी पहिल्या रांगेत मी बसेन. बोल्ट मी आवळलेत, पत्रा सुटला तर आधी माझ्यावर येऊ दे.

तुझाच,
चूक बघून गप्प बसलेला बाप