सगुणेचं शेंडेनक्षत्र

गोंडपिपरी, एप्रिल १९५७

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी आम्ही दोघं अंगणात वाळत घातलेली मोहफुलं गोळा करत होतो. मध्येच यांनी माझं बोट धरलं आणि आकाशातले सप्तर्षी दाखवले. ते बोट धरणं फक्त माझं, असं मी चाळीस वर्षं समजत होते.

आज दिवेलागणीनंतर सगळी आळी शेंडेनक्षत्र, म्हणजे धूमकेतू, पाहायला बाहेर आली. मीही यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. तर हे म्हणाले, "माह्या जवानीतलं याच्याऊन मोठं होतं. सगुणाले दिसेच नाई, तं तिचं बोट धरून दाखवलं."

बोट धरून!

शेजारच्या जनाबाई हसल्या. "भाऊ, आता काऊन काढता तिचं नाव? बाई जेवाले नाई वाढणार तुम्हाले!"

सगुणा यांची पहिली बायको. मी यायच्या आधीच, कमलच्या बाळंतपणात गेली. दुसरेपणावर आलेल्या बाईनं गेलेल्या सवतीच्या नावाचा टाक घालायचा, या रीतीप्रमाणे तिचा चांदीचा टाक मी पहिल्या दिवसापासून गळ्यात घालते. कधी जड वाटला नाही, आज वाटला. गेलेल्या बाईचा हेवा करावा का? यांनी तिला दाखवलेलं तेच नक्षत्र लहानपणी मीही पाहिलं होतं, नागपूरच्या कॉन्व्हेंटात, मुलींच्या रांगेत उभं राहून. माझं बोट कोणी धरलं नव्हतं.

तर लिहून ठेवते. माझ्यामागे पाटल्या सुनेला. सगुणेचा टाक तिच्या लेकीला, कमलला. आणि माझाही एक टाक करावा. आता या घरात तिसरी कोणी यायची नाही, तेव्हा तो यांच्याच गळ्यात घालावा.