रोपाला थँक यू म्हणत नाहीत

३ ऑक्टोबर, शनिवार

हात सोड्याच्या पाण्याने अजून चरचरताहेत. आज सबंध काचघर आतून धुतलं, छतापासून खालपर्यंत. उन्हाळाभराचं शेवाळ निघालं तेव्हा कुठे काचेतून पलीकडचा सिरिल नीट दिसला. तोही त्याच्या काचा धुवत होता. त्याची बायको आयव्ही मार्चमध्ये गेली, तेव्हापासून मोजकंच बोलतो. पण काचा धुतोय म्हणजे माणूस मार्गाला लागला, असं वाटून बरं वाटलं.

टोमॅटोची रोपं उपटली. टोपलीभर टोमॅटो हिरवेच राहिले. आता चटणी करणं आलं. दरवर्षीचं रडगाणं!

निघताना खालच्या बागेच्या तुकड्यावरची विनी धापा टाकत वर आली, हातात रॉकेलचा स्टोव्ह. काचघरात ठेवतात तो. सिरिलने दिला म्हणे, असाच. ती खूश. मी मात्र बघतच राहिले. ऑक्टोबरच्या तोंडावर कुणी आपला स्टोव्ह देतं का? आता कधीही हिम पडेल. मग कुंड्यांतली रोपं काय शाल पांघरून बसणार?

सिरिलला विचारलं. म्हणाला, यंदा आत काही ठेवणार नाही. आणि परत काच पुसायला लागला.

७ ऑक्टोबर, बुधवार

पाऊस. चटणी केली. पडद्यांनासुद्धा व्हिनेगरचा वास लागलाय. बाटल्या कमी पडल्या — लोक चटणी चाटूनपुसून खातात आणि बाटली परत करायचं नाव नाही! एक सिरिल तेवढा करतो. धुऊन, पुसून, लेबल खरवडून. आयव्हीने लावलेली शिस्त. ती दारातच विचारायची, "मेव्हिसची बाटली दिलीस का?"

१० ऑक्टोबर, शनिवार

देवाणघेवाणीचा दिवस. टेकडीवर भाड्याच्या तुकड्यांत बाग करणारे सगळे आपापली वाढलेली झुडपं फोडून आणतात, शेडसमोरच्या लांब टेबलावर मांडतात आणि ज्याला जे हवं ते तो नेतो. चहा, विनीचा आल्याचा केक, नेहमीच्या कुरबुरी.

एक गंमत झाली. कोपऱ्यावरचा तुकडा घेतलेली नवीन बाई आहे, चांगली शिकलेली. बर्नार्डने तिला लव्हेंडर दिलं आणि ती पटकन म्हणाली, "थँक यू." सगळे एकदम गप्प! बिचारीला कळेना आपलं काय चुकलं. बर्नार्ड आमचा सेक्रेटरी, जन्मभर पोलिसात होता. त्याने तिच्या हातातून झुडूप काढून घेतलं, जमिनीवर ठेवलं आणि म्हणाला, "मी तिकडे बघतो. तू चोरून ने." मग विनीने तिला समजावलं, रोपाचे आभार मानले की रोप जगत नाही. केकला म्हण, चहाला म्हण, रोपाला कधी नाही.

सिरिलसुद्धा हसला. मला हा नियम शिकवला तो त्यानेच. मी बसवर तिकिटं फाडायचं काम सोडून नवीन नवीन इथे आले होते. त्याने रास्पबेरीची काडी दिली आणि मी तोंड उघडायच्या आत बोट दाखवून म्हणाला, "म्हणशील तर परत घेईन."

पण आज सिरिलने टेबलावर काय काय आणलं होतं! आयव्हीचे फ्लॉक्स, पिओनी, ती जुनी आयरिस, सगळं मुळासकट. पिओनीला जागा बदललेली खपत नाही, वर्षानुवर्षं रुसून बसते. हे त्याला माहीत नाही होय? आणि जाताना हात रिकामे. मी म्हटलं, काहीतरी ने. तर म्हणाला, "राहू दे गं, जागा नाही."

जागा नाही? सगळा तुकडा तर रिकामा केलाय.

मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

१४ ऑक्टोबर, बुधवार

पहिलं हिम. सगळ्यांचे डेलिया काळे पडले, उकडलेल्या पाल्यासारखे. आता कंद काढायचे, उलटे टांगून सुकवायचे, वाळूत घालून ठेवायचे. आम्ही दरवर्षी याच सकाळची वाट बघतो आणि दरवर्षी वाईट वाटतं.

सिरिल भल्या पहाटेच कुदळ घेऊन आला होता. मी पोचले तर त्याचे सगळे कंद माझ्या काचघराच्या दाराशी. स्वच्छ धुतलेले, प्रत्येकाला नावाची पट्टी. आयव्हीचा तो गर्द लालसुद्धा. म्हणाला, तू ठेव.

मी म्हटलं, ठेवते, पण एप्रिलमध्ये न्यायला ये.

"तुझ्याकडेच लाव, मेव्हिस. तुझ्याकडे ऊन बरं येतं."

मला चिडायलाच झालं. त्याच्यावरच ओरडले, पट्ट्यांवर पेन्सिलीने का लिहिलंस, शाईने लिहायचं. तो म्हणाला, पेन्सिलच टिकते. खरंच आहे ते.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

बर्नार्डशी बोलले. म्हटलं, तो आवराआवर करतोय. म्हणाला, शरदात सगळेच आवराआवर करतात, त्यालाच बागकाम म्हणतात. म्हटलं, पण कुणी वसंताची काही तयारी करत नाही असं होतं का? आपण कंद पुरतो, कलमं लावतो, स्वीट पीचं बी टाकतो. त्याने एक बी टाकलं नाही. एकसुद्धा!

"वय झालंय त्याचं, दमलाय. तू उगाच नाक खुपसू नकोस."

विनीला सांगितलं तर ती म्हणाली, तू एकटी राहतेस म्हणून तुला असले विचार येतात. डोक्यात तिडीक गेली. एकटी राहते म्हणूनच तर कळतं मला.

विचारू का सरळ? काय विचारू? बाबा रे, जगणार आहेस ना? असं कुणी कुणाला विचारतं का इकडे? आम्ही हवेवर बोलतो, गोगलगाईंवर बोलतो. झोप लागणार नाही आज.

१७ ऑक्टोबर, शनिवार

लिहून काढते म्हणजे डोकं ताळ्यावर येईल.

सकाळी सिरिलच्या घरी गेले. एका हातात चटणीची बाटली, दुसऱ्या हातात जिरेनियमचं कलम. आयव्हीच्याच जिरेनियमचं. तिने मला कधीकाळी फांदी दिली होती. त्यांच्याकडचं मूळ झाड ती इस्पितळात असताना पाण्यावाचून वाळलं. म्हटलं, खिडकीत ठेवेल, रोज दोन थेंब घालेल, कशाला तरी उठेल.

त्याने दोन्ही घेतलं. पानाला बोट लावून वास घेतला. कलम कुणाचं ते ओळखलं, चेहऱ्यावरून कळलं मला. मग हळू म्हणाला, "थँक यू, मेव्हिस."

मी म्हटलं, बरं, येते. आणि निघाले की! अशी कशी मी! घरी येऊन बटाटे सोलायला घेतले, आणि अर्ध्यातच सुरी खाली ठेवली. थँक यू म्हणाला. सिरिल! रोपाला! हे रोप जगावं असं त्याला वाटत नाही, नाहीतर ते जगलेलं बघायला आपण असू असं तरी वाटत नाही.

एप्रन तसाच, धावत सुटले. दार वाजवलं, उत्तर नाही. मागचं दार बंद. बर्नार्डला बोलावलं, विनी मागोमाग. बर्नार्ड कुरकुरत होता, पण माझं तोंड बघून त्याने मोरीची काच फोडली आणि आत शिरला.

घरात कुणी नाही. सगळं नको तितकं नीटनेटकं. गादीवरची चादर काढून घडी घातलेली. घड्याळ बंद. टेबलावर चटणीची बाटली, शेजारी जिरेनियम. मातीला बोट लावलं. कोरडी.

आता पोलिसांना कळवायचं असं बर्नार्ड म्हणत होता, एवढ्यात दारात सिरिल. घोट्यापर्यंत चिखल. फुटक्या काचेकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. कुठे होतास विचारलं तर म्हणाला, तलावापर्यंत फिरायला गेलो होतो.

विनीने सगळं सांगून टाकलं. थँक यू म्हणालास म्हणून मेव्हिस घाबरली! सिरिल पांढराफटक पडला, मग लाल. असा आवाज त्याचा मी कधी ऐकला नव्हता.

"चटणीबद्दल म्हणालो होतो मी. चटणीबद्दल! आता माझ्या घरातून बाहेर व्हा."

आम्ही बाहेर पडलो.

१८ ऑक्टोबर, रविवार

चटणी. अर्थातच चटणी! दोन्ही हातांत दोन वस्तू होत्या. एवढं साधं कळलं नाही मला.

मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

२१ ऑक्टोबर, बुधवार

अख्ख्या टेकडीवर हसं झालंय माझं. मी शेडजवळून गेले की कुणीतरी कुणालातरी कुदळ देतं आणि मोठ्याने म्हणतं, "थँक यू!" मग दुसरा छातीवर हात ठेवून कोसळतो. विनी सगळ्यांत पुढे. तिच्या मनात वाईट नसतं, माहीत आहे. तरी आज तिचा केक नको म्हटलं.

बर्नार्डने सिरिलची काच बसवून दिली. मी जायला तयार होते, तो म्हणाला तू नको येऊस.

२४ ऑक्टोबर, शनिवार

काचघराला आतून प्लास्टिक लावलं. हे काम एकट्याचं नाही. दरवर्षी सिरिल वरचं टोक धरायचा. आज शिडीवर चढून, दातात टाचण्या धरून एकटीनेच केलं. दोनदा सगळं डोक्यावर आलं. दुसऱ्या वेळी खाली बसून रडले थोडी. मग परत चढले.

सिरिल आला होता. माझ्याकडे पाठ करून बाकावर बसला आणि तसाच गेला. कुंपणातल्या ज्या फटीतून आम्ही येतो-जातो, तिथे त्याने फळी उभी केलीय.

२७ ऑक्टोबर, मंगळवार

कुणाला सांगणार नाही, वहीच्या पानालाच सांगते. रोज सकाळी पाव आणायला लांबच्या गल्लीने जाते. सिरिलच्या धुराड्यातून धूर दिसला की परत फिरते. दिसला नाही तर दिसेपर्यंत पावाच्या दुकानात विनाकारण बोलत बसते. आज धुराला उशीर झाला. दुकानातल्या बाईला माझ्या गुडघ्यांची सगळी कहाणी ऐकावी लागली.

तो माझ्याशी कधी बोलला नाही तरी चालेल. धूर निघू दे.

३१ ऑक्टोबर, शनिवार

विनी तणतणत आली. "दिलेली वस्तू कुणी परत मागतं का गं? काय माणूस आहे!" सिरिल तिच्या दारात जाऊन उभा राहिला म्हणे आणि म्हणाला, स्टोव्ह हवाय. कशाला, विचारलं तर नुसता उभा. दिला तिने, पण रागावलीय भयंकर.

मी तिचे गालच धरले. तिला वाटलं मला वेड लागलं. रिकाम्या काचघराला स्टोव्ह कशाला लागतो, विनी? सांग ना, कशाला लागतो?

तिला कळलं मग. खाली बसली. तिने केक काढला आणि मी खाल्ला.

५ नोव्हेंबर, गुरुवार

टेकडीवर पाच नोव्हेंबरची मोठी शेकोटी पेटवली, दरवर्षीसारखी. वाळलेला पाला, जुन्या काठ्या, पोरांचे फटाके. बर्नार्डने पोलिसी आवाजात सगळ्यांना मागे सरकवलं. सिरिल आला नाही.

पण त्याच्या काचघरात उजेड होता. स्टोव्हचा निळा उजेड. जवळ गेले नाही. एकदा नाक खुपसलंय, पुरे. लांबूनच काचेला टेकलेलं एक कुंडीएवढं काळं काहीतरी दिसलं. ते जिरेनियम असेल, नसेलही.

८ नोव्हेंबर, रविवार

सकाळी फळी बाजूला सारून सिरिल आला. हातात चटणीची बाटली. धुतलेली, पुसलेली, लेबल खरवडलेलं. ती माझ्या बाकावर ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ते चटणीबद्दल नव्हतं, मेव्हिस."

मी तिथेच बादलीवर बसले.

"त्या दिवशी तलावाशी बसलो होतो. एकदम आठवलं, तुझी बाटली टेबलावर तशीच आहे, परत करायची राहिलीय. आयव्हीला चाललं नसतं."

मी उठले. वाळूतून आयव्हीचा गर्द लाल डेलिया काढला, पट्टी नीट केली आणि त्याच्या हातात दिला. त्याने तो कोटाच्या आत घेतला आणि एक शब्द न बोलता निघून गेला.