पडद्यावरचे पांढरे ठिपके

आई, इथूनच पाया पडते.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा काय म्हणतोय?

परवा कामावर यानाने पाठवलेल्या सूर्याच्या फोटोंवर पांढरे ठिपके दिसायला लागले. मला वाटलं धूळ असेल, म्हणून मी ओढणीने कॉम्प्युटरचा पडदा पुसत बसले. ते सूर्याच्या स्फोटातून सुटलेले कण होते, यानाच्या कॅमेऱ्यावर आदळत होते. मागून चुंबकीय वादळ येतंय, याची ती वर्दी. अशा वादळात विमानांचा रेडिओ बिघडतो, आणि माझ्यामुळे त्यांना इशारा उशिरा गेला. सगळी सुखरूप उतरली, काळजी करू नकोस.

साहेब ओरडले नाहीत. त्यांनी नुसतं माझ्या टेबलावर एक फडकं आणून ठेवलं.

शेजारच्या काकूंना सांगतेस ना, 'आमची धाकटी सूर्यावर नजर ठेवते' म्हणून? थोडे दिवस नको सांगूस.

तुझीच,
धाकटी